मशीन नंतर घ्या, आधी तालुक्यात माणूस उभा करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शिरपूरचे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, चार वर्षांपासून दुकानांचे रनिंग बोर्ड आणि कबड्डी-खो-खोचे स्कोअरबोर्ड बनवताय, हाताखाली दोन मुलं आहेत. आता एका ठेकेदाराकडून चौकात लावायच्या 16 बाय 9 फुटांच्या व्हिडिओ डिस्प्लेची विचारणा आलीय. बँक 40 लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे. त्या पैशांत एलईडी मॉड्यूल (एलईडी बसवलेली छोटी पाटी, अशा अनेक जोडून पडदा होतो) स्वतः बनवायचं मशीन घ्यावं, की तयार मॉड्यूल आणून जोडत राहावं? आणि खान्देशात राहून हा धंदा मोठा होईल का, की पुण्याला जावं?

मी जळगावात बावीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात बँकांच्या टोकन डिस्प्लेपासून केली. मग सराफांचे सोन्याच्या भावाचे फलक, जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्याचे मोठे आकडे, शाळांचे स्कोअरबोर्ड, आणि गेली दहा-अकरा वर्षं व्हिडिओ डिस्प्ले. खाली जे लिहितोय ते या कामातून शिकलेलं आहे.

तुम्ही मशीनबद्दल विचारलंय, पण मला अडचण दुसरीकडे दिसते. बोर्ड विकणं तुम्हाला जमतंय. तो बसवल्यानंतर पाच वर्षं चालू ठेवायची तजवीज तुमच्याकडे किती आहे, यावर तुम्ही किती मोठे व्हाल ते ठरणार. आज तुमचे किती बोर्ड बाहेर लागलेत? साठ? सत्तर? त्यातले शहाद्याला, साक्रीला, चोपड्याला लागलेले बंद पडले तर कोण जातं? बहुधा तुम्हीच जात असाल, आणि त्या दिवशी वर्कशॉप बंद राहत असेल. हा गुंता सुटल्याशिवाय मोठं मशीन आणलं तर ते झाकून ठेवायची वेळ येते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. घरची शेती किंवा दुसरं उत्पन्न आहे का, तो ठेकेदार पैसे देणारा आहे का, तुमच्याखेरीज सर्किट समजणारं दुसरं कोणी टिकून राहील का. यांची उत्तरं वेगळी असतील तर माझा सल्लाही थोडा बदलेल. मशीनबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, आधी तेच सांगतो.

तुमच्या विचारणेतलाच डिस्प्ले घेऊ. 960 मिलिमीटर चौरस कॅबिनेट, म्हणजे मॉड्यूल बसवायच्या पेट्या, धरली तर आडवी पाच, उभी तीन, अशी 15 कॅबिनेट लागतात. प्रत्येकात 320 बाय 160 मिलिमीटरची 18 मॉड्यूल, म्हणजे एकूण 270. पी-5 (दोन ठिपक्यांतलं अंतर, म्हणजे पिच, 5 मिलिमीटर) घेतलं तर एका मॉड्यूलवर 64 गुणिले 32, म्हणजे 2,048 एलईडी. सगळे मिळून झाले 5,52,960. दर दहा हजारांत एक जरी कच्चा बसला तरी पडद्यावर पंचावन्न ठिपके मेलेले दिसतील, आणि चौकात उभा असलेला माणूस त्या ठिपक्यांकडेच बघतो. शिवाय एलईडी एकाच छटेचे हवेत. वेगवेगळ्या लॉटचे आले तर अर्धा पडदा निळसर आणि अर्धा पिवळसर दिसतो. पुढे प्लॅस्टिकच्या मास्कचा साचा, मागून पाणी जाऊ नये म्हणून गम भरणं, तासन्‌तास पेटवून तपासणं. चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्यांत हे सगळं रात्रंदिवस चालतं, आणि त्यांची एलईडीची खरेदी इतकी मोठी असते की तुमचा कच्चा मालच त्यांच्या तयार मॉड्यूलच्या किमतीच्या आसपास जाईल. 40 लाखांचं मशीन हे अंतर मिटवू शकत नाही.

मग आपण बनवायचं काय? मॉड्यूल, पॉवर सप्लाय, सेंडिंग आणि रिसीव्हिंग कार्ड (चित्र मॉड्यूलपर्यंत पोहोचवणारी) बाहेरूनच येऊ द्या. त्यांच्याभोवतीचं सगळं मात्र आपलं असावं: पेटी, फ्रेम, वायरिंग, संरक्षण, खेळाचा प्रोग्राम, रिमोट आणि मराठी अक्षर. यातलं काहीच बाहेरचा माणूस आपल्यासाठी नीट करून देत नाही, कारण त्याला आपलं ऊन, आपली वीज आणि आपला खेळ माहीत नाही.

अक्षराचंच बघा. दुकानाच्या बोर्डाचं पी-10 मॉड्यूल उभ्यात फक्त 16 ठिपक्यांचं असतं. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार यांना जागा हवी, खाली उकार आणि ऋकाराला हवी, मध्ये शिरोरेषेची एक ओळ. उरलेल्या आठ-नऊ ठिपक्यांत अक्षर काढायचं. स्वस्त कार्डांच्या सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रीडा मंडळ’ टाईप केलं की ‘क्री’ फुटतो, क आणि र वेगळे पडतात, ‘ळ’ची गाठ भरून जाऊन नुसता लाल गोळा दिसतो. बरेच बोर्डवाले ‘चालतं’ म्हणून तसंच लावतात. आमच्याकडे डिप्लोमा केलेली एक मुलगी कामाला होती. तिने आलेखाच्या वहीत पेन्सिलीने एकेक अक्षर 16 ओळींत बसवलं. ‘ळ’ची तिने तेरा रूपं काढली होती, शेवटचं ठरलं तेव्हा गाठीच्या मध्ये एकच ठिपका रिकामा सोडला होता. त्या एका ठिपक्याने ‘ळ’ वीस मीटरवरून वाचता येऊ लागला. आज आमच्या बोर्डांवर ‘अमळनेर’ आणि ‘पारोळा’ स्वच्छ दिसतं. खेळाडूच्या आईला लेकाच्या गावाचं नाव नीट वाचता आलं पाहिजे, एवढा साधा आग्रह होता तिचा, आणि त्या आग्रहामुळे आम्हाला जितकी कामं मिळाली तितकी जाहिरातीने कधी मिळाली नाहीत. हे काम तुम्ही आजही करू शकता. मजकूर कार्डाकडे अक्षर म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायचा, म्हणजे जोडाक्षर फुटत नाही.

खेळाच्या प्रोग्रामचंही तेच. बाजारात मिळणारे बहुउपयोगी स्कोअरबोर्ड बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, 24 सेकंदांचं घड्याळ आणि चार डाव. आपल्या पंचाला 30 सेकंदांची चढाई हवी, 20 मिनिटांचे दोन डाव हवेत, लोण चढला की दोन गुण एका बटणावर हवेत, तिसऱ्या चढाईची खूण हवी, आणि सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढायांची व्यवस्था हवी. खो-खोला नऊ मिनिटांचं घड्याळ आणि किती गडी बाद झाले ते हवं. हे तुम्ही चार वर्षं करताय, म्हणजे तुमच्या हातात मोठ्या कंपनीकडे नसलेली वस्तू आधीच आहे. रिमोट मात्र पंचाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला बघून बनवा. तो गावातला शिक्षक असतो, एका हातात गुणपत्रक असतं, नजर मैदानावर असते. बटणं मोठी, दोन संघांची दोन रंगांत, आणि चूक झाली तर एक गुण मागे घ्यायचं बटण जरा बाजूला. आकड्याच्या उंचीचा माझा अंदाज असा की दर 12 ते 15 मीटर अंतरामागे एक इंच. मैदानाच्या पलीकडून 80 मीटरवरून वाचायचं असेल तर 6 इंच पुरतात, तरी मी 8 इंच देतो, कारण धुळीच्या संध्याकाळी 6 इंच अपुरे पडतात.

आता पेटी. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो हे तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेकडे तोंड केलेल्या, काळ्या रंगाच्या बंद पत्र्याच्या पेटीत मी दुपारी चार वाजता थर्मामीटर ठेवला होता. आतलं तापमान 70 च्या वर गेलं. बहुतेक एसएमपीएस, म्हणजे आपले पॉवर सप्लाय, साधारण 50 अंशांपर्यंतच पूर्ण ताकद देतात, पुढे ती कमी होत जाते. म्हणून 5 व्होल्ट 40 अँपिअरच्या सप्लायवर मी 25 अँपिअरच्या वर भार टाकत नाही. पेटीला पाठीमागून फिका रंग, खालून जाळी लावलेली हवेची वाट, वरून पंखा. जाळी बारीकच हवी. पावसाळ्यात पाखरं आत जातात, त्यांच्या मागे पाल जाते, आणि पाल सप्लायमध्ये शिरली की दोन्ही संपतात. 5 व्होल्टच्या वायरी आखूड आणि जाड ठेवा. पांढरं चित्र एका कोपऱ्यात लालसर दिसायला लागलं तर एलईडीला दोष देऊ नका, त्या कोपऱ्यातला व्होल्टेज मोजा. लाल एलईडी सुमारे 2 व्होल्टवर पेटतो, निळ्या-हिरव्याला 3 च्या आसपास लागतात. सप्लाय खाली बसला की आधी निळा-हिरवा मंदावतो आणि पांढऱ्यातून लाल वर येतो. माझ्याकडच्या नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच दाखवतो, कारण या एका खुणेवरून निम्म्या तक्रारी फोनवरच ओळखता येतात.

संरक्षणाबद्दल एक प्रसंग सांगतो. पारोळ्यापलीकडच्या एका गावात यात्रेतले कबड्डी सामने होते. वीज मंडपवाल्याच्या जनरेटरवरून, तीन फेज. रात्री साडेनऊला फोन आला, ‘भाऊ, बोर्ड बंद पडी गया, आते काय करानं?’ मी मोटारसायकलवर साठ-पासष्ट किलोमीटर गेलो. पोहोचलो तेव्हा अंतिम सामन्याचा दुसरा डाव चालू होता, आणि एक मुलगा शाळेच्या फळ्यावर खडूने गुण लिहीत होता. पेटी उघडली, तर सातही सप्लाय जळालेले. जनरेटरच्या पेटीत न्यूट्रल (परतीची वायर) नुसता पिळून ठेवला होता, तो सुटला होता. न्यूट्रल सुटला की एका फेजवर व्होल्टेज 230 चा 350-400 पर्यंत जाऊ शकतो, आणि तसंच झालं होतं. चूक वायरिंगची होती, पण चारशे लोकांच्या डोळ्यांसमोर बंद पडला तो माझा बोर्ड. त्या दिवसापासून जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले लावल्याशिवाय आमच्याकडून एकही बोर्ड बाहेर जात नाही. ग्राहकाने ‘तेवढे पैसे कमी करा’ म्हटलं तरी काढत नाही. दुसरी शिकवण त्याहून मोठी होती: तो बोर्ड जागेवर दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता, सात सप्लाय घेऊन माणूस तिथे असता तर.

म्हणून सुरुवातीला मी माणसांचा विषय काढला. आज माझी अमळनेर, चोपडा, पाचोरा, चाळीसगाव, रावेर, दोंडाईचा अशा ठिकाणी नऊ माणसं आहेत. कोणीही पगारावर नाही. कोणाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, कोणाचं मोटर वाइंडिंगचं, एक जण आयटीआयचा वायरमन आहे. प्रत्येकाला दोन दिवस जळगावला बोलावून शिकवलं आणि एक पत्र्याची पेटी दिली: चार सप्लाय, चार मॉड्यूल, एक रिसीव्हिंग कार्ड, डेटा केबल, एक रिले, मल्टिमीटर. माल माझा, वापरला की भरून देतो. फेरीमागे ठरलेले पैसे त्याच आठवड्यात त्याच्या हातात पडतात, ग्राहकाने मला दिले असोत वा नसोत. या शब्दाला मी कधी चुकलो नाही, म्हणूनच ती माणसं रात्री दहाला उठून जातात. आणि पुढे काय झालं ते लक्षात घ्या. नवी कामं हीच माणसं आणू लागली. चोपड्यातल्या शाळेला बोर्ड हवा असतो तेव्हा ती शाळा जळगावच्या कारखान्याला ओळखत नाही, कोपऱ्यावरच्या त्या टीव्हीवाल्याला ओळखते.

तुमच्याबाबतीत शिरपूर मध्यावर आहे. धुळे, चोपडा, शहादा, दोंडाईचा, आणि मध्य प्रदेशातलं सेंधवा. प्रत्येक ठिकाणी एक असे चार-पाच जण या वर्षात तयार करा. चार-पाच पेट्यांचा खर्च तुमच्या मनातल्या मशीनच्या तुलनेत किरकोळ आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर मॉड्यूल विकत घ्या, त्याभोवतीचं सगळं स्वतः करा, आणि जिथे दोन तासांत माणूस पोहोचेल तिथपर्यंतच विका. माणसं वाढली की हद्द वाढवा.

पुण्याला जावं का, या प्रश्नावर मला अमेरिकेतल्या एका कंपनीचा इतिहास आठवतो. डॅक्ट्रॉनिक्स ही आज स्कोअरबोर्ड आणि व्हिडिओ डिस्प्लेतली जगातल्या मोठ्या नावांपैकी एक आहे. ती 1968 मध्ये साउथ डकोटा राज्यातल्या ब्रुकिंग्ज या छोट्या विद्यापीठी गावात सुरू झाली, आणि मुख्यालय आजही तिथेच आहे. एलरेड कर्टनबाख आणि ड्युएन सँडर हे तिथल्या विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक. शिकलेली मुलं नोकरीसाठी राज्य सोडून जातात, त्यांना इथेच काम मिळावं, हा त्यांचा हेतू होता. पहिलं नाव झालं ते विधिमंडळात मतं मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फलकांमुळे. मग 1971 च्या सुमारास त्यांनी कुस्तीचा स्कोअरबोर्ड केला, मॅटशेजारी ठेवायचा, सगळीकडून दिसणारा. मागणी त्यांच्याच विद्यापीठाच्या कुस्ती प्रशिक्षकाची होती. 1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांचे स्कोअरबोर्ड लागले. 1994 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

यात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. व्हिडिओ डिस्प्ले त्यांच्याकडे फार नंतर आला, आणि तो आधी येणं शक्यही नव्हतं. लख्ख निळा एलईडी 1993 मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरांनी केला. त्याआधी पूर्ण रंगीत एलईडी पडदाच होत नव्हता. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे पहिली वीस-पंचवीस वर्षं ही कंपनी आकड्यांवर, दिव्यांवर आणि सेवेवर मोठी झाली. रंगीत एलईडी आला तेव्हा शाळा आणि मैदानं त्यांच्या ओळखीची झाली होती. तुमच्याकडे कबड्डी संघ आणि शाळा आहेत, आणि जळगाव, शिरपूर, धुळ्याच्या कॉलेजांतून इलेक्ट्रॉनिक्सची मुलं दरवर्षी बाहेर पडतात. त्यातली बरीच पुण्याची गाडी पकडतात. गावाजवळ, आई-बापाजवळ राहून बरं काम करायला मिळालं तर थांबणारी दोन तरी मुलं तुम्हाला नक्की सापडतील. पुण्यात तुम्ही शंभरातले एक असाल आणि तीच मुलं तुमच्याकडे सहा महिने टिकणार नाहीत.

आता समोर आलेल्या कामाचं. नाही म्हणू नका, पण अटी तुमच्या ठेवा. आधी पी-5 खरंच लागतं का ते बघा. साधा हिशेब: पिच जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्या मीटरवरून चित्र सलग दिसतं. चौकात जवळात जवळचा बघणारा 10-12 मीटरवर असेल तर पी-8 किंवा पी-10 सुद्धा चालेल आणि खर्च बराच उतरेल. बारीक अक्षरांच्या जाहिराती चालवायच्या असतील तर पी-6, पी-5 कडे या. उन्हातल्या डिस्प्लेला 5,000 निट्सच्या (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) पुढे उजेड हवा, घरातल्या पडद्याचं मॉड्यूल स्वस्त मिळतं म्हणून बाहेर लावायला घेऊ नका. सगळी मॉड्यूल एकाच लॉटची घ्या आणि 270 सोबत निदान 14 जास्तीची त्याच लॉटमधून घेऊन कपाटात ठेवा. दोन वर्षांनी तशी छटा मिळत नाही.

आगाऊ रक्कम मालाच्या पूर्ण किमतीइतकी घ्या. मॉड्यूल आयात करणारा, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा असो की सुरतचा, माल सोडण्याआधी पूर्ण पैसे मागतो. ठेकेदार म्हणेल बिल निघालं की देतो. मधलं अंतर तुमच्या खिशातून जाणार असेल तर ते काम सोडा. मी माझ्या सहाव्या वर्षी असं एक काम घेतलं होतं. पैसे आले, पण अकरा महिन्यांनी, आणि त्या अकरा महिन्यांत दोन कारागीर सोडून गेले, कारण पगार वेळेवर झाले नाहीत. त्यातल्या एकासारखा सोल्डरिंगचा हात मला पुन्हा मिळाला नाही. वॉरंटीचंही बघा: तुम्हाला पुरवठादार एक वर्ष देतो, ठेकेदार तुमच्याकडून तीन मागतो. मधली दोन वर्षं किमतीत धरा. मी प्रत्येक विक्रीतले 5 टक्के वेगळ्या खात्यात टाकतो, त्याला दुरुस्तीशिवाय हात लावत नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणूनच करा, व्यापारी म्हणून नको. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशिराचं व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. या विलंबाच्या संरक्षणाचा लाभ व्यापाऱ्याला मिळत नाही. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून खासगी कारखाने आता आमची बिलं मार्चच्या आत काढू लागलेत. नगरपालिकेला आयकराची ती धास्ती नसते, तिथे आगाऊ रक्कमच कामाला येते.

कर्ज घ्यायचंच तर 40 लाखांचं मुदत कर्ज नको. कॅश क्रेडिट मागा (लागेल तेवढंच उचलायचं कर्ज), दहा-बारा लाखांपासून. मुदत कर्जाचा हप्ता काम असो-नसो निघतो, आणि आपल्या धंद्यात यात्रा, शाळेच्या स्पर्धा, दिवाळी यांच्या अधेमधे दोन-तीन महिने कोरडे जातात. थोडे पैसे पेटी बनवायच्या सोयीत घाला: बरं वेल्डिंग, पत्रा वाकवायचं मशीन, आणि डिस्प्ले 72 तास सतत पेटवून ठेवता येईल अशी तपासणीची जागा. छोटी कंट्रोल कार्डं हजारांत लागायला लागली की पुण्या-नाशिकला जॉबवर्कवर भरून घेता येतात. लग्न आणि सभांसाठी पडदे भाड्याने द्यायचा मोह होईल. तो वेगळा धंदा आहे, आणि आज तुमच्याकडून घेणारा मंडपवाला उद्या तुमचा स्पर्धक होतो. मी त्यात गेलो नाही.

ठेकेदाराला दर द्यायच्या आधी एकदा त्या चौकात संध्याकाळी चार वाजता जाऊन उभे राहा. डिस्प्लेचं तोंड पश्चिमेला येत असेल तर त्याला उत्तरेकडे वळवायची जागा शोधा, सूर्य समोर असेल तर 5,000 निट्सही फिके पडतात. पूर्ण पांढऱ्या चित्राला हा डिस्प्ले 11 किलोवॅटपर्यंत खाईल, सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तिथल्या खांबावर तीन फेज आहे का, न्यूट्रल कसा जोडलाय, अर्थिंगसाठी खड्डा कुठे घेता येईल हे वहीत लिहा. मग वाऱ्याचं. रोहिणीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तसा वारा ताशी 100 किलोमीटरने आला, तर दर चौरस मीटरवर 45 ते 50 किलोचा दाब येतो. तुमचा डिस्प्ले 13.8 चौरस मीटरचा, म्हणजे त्याच्या अंगावर 600 किलोहून जास्त जोर, आणि खाली रस्त्यावर माणसं उभी. ठेकेदार म्हणेल जुन्या होर्डिंगच्या सांगाड्यावर लावू. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही झालेलं रेखाचित्र हातात आल्याशिवाय लावू नका, आणि त्याची फी तुमच्या दरात वेगळी ओळ म्हणून दाखवा. मोजमापं, त्या सांगाड्याचे फोटो आणि जवळच्या डीपीचा फोटो मला पाठवा. सप्लाय किती लागतील आणि कुठल्या फेजवर किती टाकायचे, तो हिशेब मी करून देतो.